लाल रेघ काढून पाठवा

आमच्या कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलाशी एक खुर्ची आहे. गादीची, चाकांची, मीच भांडून आणवलेली. अकरा वर्षांत शालन चौगुले त्या खुर्चीवर किती वेळा बसली ते मी बोटांवर मोजून सांगेन. ब्लोअर फिरत असला की ती त्याच्याभोवती फिरते. तो थांबला की खिडकीपर्यंत जाऊन येते, पाण्याची बाटली उघडते आणि न पिताच झाकण लावते. तिच्या पायाला भिंगरी आहे आणि तिच्याकडे बघून चक्कर मला येते.

"शालनक्का, स्वल्प बसा की हो," असं मी रोज म्हणतो.

"बसलो की झोप येतीया, अण्णा," असं ती रोज म्हणते. निपाणीकडच्या बायका 'मी बसलो, मी आलो' असंच बोलतात. आम्ही बंगळुरातली जुनी मराठी माणसं त्याला हसतो, आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीला ती हसते, म्हणजे फिट्टंफाट.

मी भगवंतराव. बंगळुरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. कारखाना माझ्या चुलतभावानं काढला, आता त्याचा मुलगा रणवीर चालवतो. इमारतींच्या तळघरात गाड्या उभ्या असतात ना, तिथली कोंदट हवा बाहेर फेकणारे मोठे ब्लोअर आम्ही बनवतो. सर्जापूर रोडवर जितक्या उंच इमारती उठतात तितकी आमची चलती. मी चिडका माणूस आहे, पण माझी चीड खालच्या मजल्यावरच चालते. लोखंडी जिना चढून रणवीरच्या केबिनमध्ये गेलो की मी अगदी शहाण्यासारखा वागतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, आणि रणवीर मला चारचौघांत काका म्हणतो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे ते कळणारच आहे.

शालन निपाणीजवळच्या एका खेड्यातली. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली, गणितात शंभरातले ब्याण्णव गुण पडले आणि दोन महिन्यांत लग्न झालं. नवरा गुंडो पीण्यात लेथवर होता, त्याच्यामागोमाग ती एकोणिसाव्या वर्षी बंगळूरला आली. आमच्याकडे लागली ती पॅकिंगमध्ये. खोक्यांना खिळे मारायचे, वर 'ही बाजू वर' अशी पट्टी चिकटवायची. मग पात्यांच्या कडा घासायला गेली. एक दिवस चालत्या ब्लोअरजवळून जाताना तिनं सहज त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "ह्यो आजारी हाय." टेस्टिंगवाल्यानं तिला आकडा दाखवला. आकडा पास होता. दोन महिन्यांनी तोच ब्लोअर बेअरिंग फुटून परत आला, तेव्हा मी तिला पॅकिंगकडे परत जाऊच दिलं नाही. टेस्टिंगच्या टेबलाशी आणून उभं केलं. तेवढं एक काम माझ्या हातून चांगलं झालं.

आमची तपासणी सोपी असते. ब्लोअरच्या अंगावर थरथर मोजणारा सेन्सर लावायचा, पूर्ण वेगाला, म्हणजे मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांना न्यायचा, आणि थरथरीचा आकडा लिहायचा. साडेचारच्या आत आला तर पास. रिपोर्टात तेवढा एकच आकडा जातो. शालनचं म्हणणं असं की हात तर मी सुरुवातीपासून ठेवते, आणि मधेच कुठंतरी ह्याला हुडहुडी भरते. पुढे वेग वाढला की ती जाते. पूर्वी त्यानं काही बिघडत नव्हतं. आता मात्र हे ब्लोअर सकाळी गाड्यांच्या गर्दीत जोरात आणि दुपारी हळू चालवतात. म्हणजे तो मधल्या हुडहुडीतच तासन्‌तास राहू शकतो.

पहिल्यांदा तिनं हे सांगितलं ते मुलीच्या आलेखवहीच्या कागदावर. प्रत्येक वेगाला एक टिंब, पेन्सिलीनं जोडलेलं. रणवीरनं कागद उभा धरला, आडवा धरला आणि म्हणाला, "अक्का, रांगोळी छान आहे हं." सगळे हसले. मीही हसलो. त्या संध्याकाळी तिनं मुलीला, अनुषाला, तिचा जुना लॅपटॉप मागितला. अनुषा सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. तिनं आईला गणिताचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि दोन रविवार शिकवलं. पुढचं शालन एकटी शिकली, स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून, उभ्या उभ्या. वर्षभरात ती आकड्यांची यादी देऊन आलेख उठवायला लागली, साडेचारच्या मर्यादेला आडवी लाल रेघ मारून. मला फोनवर फोटो पाठवायची. मी अंगठा पाठवायचो. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं.

मग या फेब्रुवारीत चाळीस ब्लोअरचा लॉट तयार झाला. गुरुवारी दुपारी तीनला गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टर बाई तपासायला येणार होत्या. बुधवारीच शालन म्हणाली होती, चाळीसच्या चाळीस अकराशेच्या पुढं थरथरतात. गुरुवारी सकाळी रणवीर स्वतः खाली आला.

"अक्का, तळहात रिपोर्टला जोडता येत नाही," तो म्हणाला. "तीनच्या आत मला कागदावर दाखवा. नाही दाखवता आलं, तर सोमवारपासून इथे डिप्लोमावाला येईल आणि तुम्ही पॅकिंगला. सरी ना?"

"सरी," शालन म्हणाली, म्हणजे बरं. तो गेल्यावर तिनं बाटलीचं झाकण चार वेळा उघडलं आणि लावलं.

खरं तर काम अर्ध्या तासाचं होतं. तिनं एक ब्लोअर शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत हळूहळू नेला. टेबलावरच्या कॉम्प्युटरनं सगळे आकडे एका फाईलीत टिपले. तेच सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरवरही होतं. मात्र घरच्या लॅपटॉपवर ती ज्या पानावर लिहायची ते पान इथं नव्हतं. इथं होती नुसती काळी खिडकी. सगळ्या ओळी एका फाईलीत लिहायच्या, ती स्क्रिप्ट, आणि काळ्या खिडकीतून ती एकदम चालवायची. बाहेरचा लॅपटॉप आत आणायला गिऱ्हाइकाचीच बंदी, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता.

साडेदहाला तिनं स्क्रिप्ट चालवली. काळ्या खिडकीत दोन सेकंद काही नाही, मग पुन्हा नुसता लुकलुकणारा ठिपका. आलेख नाही. चूक झाली असंही कुठं लिहिलेलं नाही.

"झालं का?" मी विचारलं.

"कुनास ठावं. झालं म्हनतंय आन दावत न्हाई."

पुन्हा चालवली. तेच. ओळ न् ओळ वाचली, कंस मोजले, परत चालवली. मी मला येणारा एकमेव उपाय सुचवला, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. त्यात दहा मिनिटं गेली आणि ठिपका पूर्वीसारखाच लुकलुकायला लागला. शालन खिडकीकडे गेली, परत आली, परत गेली. मला इतका राग आला की मी शेजारच्या खोक्याला लाथ मारली आणि माझ्याच अंगठ्याला लागलं. राग कुणाचा ते मला माहीत होतं. तीन वाजता ती हरणार आणि मी बाजूला उभा राहून 'अरेरे' म्हणणार, हे मला अकरा वाजताच दिसत होतं.

साडेअकराला तिनं अनुषाला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे, पटकन सांग." शालननं पटकन सांगितलं. पलीकडून हसणं ऐकू आलं. "अगं, घरच्या पानावर शेवटच्या ओळीचं चित्र ते आपोआप दाखवतं. स्क्रिप्टमध्ये तसं नाही दाखवत. शो लिहिलंस का? तू आलेख बनव म्हणतेस, दाखव कुठं म्हणतेस?"

म्हणजे सकाळपासून आलेख तयार होत होता. प्रत्येक वेळी, बिनचूक. यंत्राच्या पोटातच व्हायचा आणि स्क्रिप्ट संपली की तिथंच विरायचा. शालननं कपाळावर हात मारला. "काम करून गप बसतंय की हे. माज्यावानीच."

तिनं 'दाखव' सांगणारी ओळ घातली. चालवली. या वेळी एक खिडकी टपकन उघडली, आम्ही दोघंही पुढे वाकलो, आणि खिडकी पांढरीच राहिली. वर लिहिलेलं, चित्राची फाईल सापडत नाही. पुन्हा तेच. अनुषाचा फोन आता लागेना. बारा वाजून गेले. डबा कुणी उघडला नाही.

शालन फेऱ्या मारत राहिली आणि फेऱ्या मारता मारताच बोलायला लागली. "फाईल सापडत न्हाई म्हंजे कुटंतरी केली हुती. केली आन पुसली. कवा पुसली? स्क्रिप्ट संपली तवा. जाताना आवरून जातंय, अण्णा! चित्र ठेवतंय, बघनाऱ्याला हाक मारतंय, आन तो यायच्या आत सगळं झाडून निगून जातंय!"

"मग त्याला जाऊ देऊ नका," मी म्हणालो. मला काही कळलं म्हणून नव्हे, वैतागून म्हणालो.

ती थांबली. खरोखर जागच्या जागी थांबली. मग शेवटी एक ओळ घातली, दहा सेकंद थांब अशी. चालवली.

खिडकी उघडली आणि आलेख आला. डावीकडून एक निळी रेघ सपाट येत होती, अकराशेच्या आसपास एकदम डोंगरासारखी वर गेली आणि बाराशेच्या पुढं उतरून पुन्हा शहाणी झाली. शालनचा हात आपोआप पडद्यावर गेला, ब्लोअरच्या पत्र्यावर ठेवावा तसा. "ह्येच. ह्येच हुतं हाताला." इतके दिवस ती जे सांगत होती ते मी पहिल्यांदा नीट बघत होतो.

दहा सेकंद झाली आणि आलेख गेला. पण आता तिला वाट कळली होती. दाखव म्हणण्याऐवजी 'या नावानं ठेव' अशी ओळ लिहायची, म्हणजे चित्राची स्वतंत्र फाईल होते आणि ती कुणी झाडून नेत नाही. ती लिहीपर्यंत रणवीरचा निरोप आला आणि मला वर जावं लागलं.

एक वाजून गेला होता. मी केबिनमध्ये उभा राहून उत्साहानं सांगितलं, डोंगर आहे, स्पष्ट दिसतोय, थरथर सातापर्यंत जातेय. रणवीरनं शांतपणे ऐकलं. तो मूर्ख नाही. चाळीस ब्लोअर परत खोलायचे म्हणजे काय ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"काका, दाखवलं तिनं, मान्य. जागा राहील तिची," तो म्हणाला. "आलेख लावा रिपोर्टला. पण साडेचारची लाल रेघ नको त्यावर. रेघ असली की माणूस लगेच वर काय, खाली काय ते बघतो. नुसता डोंगर कोण बघतंय? पूर्ण वेगाला पास आहे, तेवढं पुरे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. शालन. फोनचा आवाज मोठा, रणवीरला सगळं ऐकू जात होतं.

"अण्णा, फाईल झाली! आता त्या लाल रेघंचं काय करू?"

रणवीर माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "लाल रेघ काढून पाठवा."

रणवीरनं समाधानानं मान हलवली. मी फोन ठेवला.

आता खरं सांगतो. तो शब्द माझ्या तोंडून चुकून गेला नाही. मराठीत चित्र काढतात आणि डागही काढतात. रांगोळी काढतात आणि काटाही काढतात. 'रेघ काढून पाठवा' म्हणजे ओढून पाठवा, किंवा पुसून पाठवा. रणवीरला हवं ते रणवीरनं ऐकलं. शालननं रेघ ओढली असती तर मी रणवीरला म्हणालो असतो, तिला चुकीचं समजलं. पुसली असती तर स्वतःला म्हणालो असतो, मी तर ओढायलाच सांगितलं होतं. एका सेकंदात मला हे सगळं सुचलं. इतका हुशार मी आयुष्यात कधी नव्हतो.

दोन वाजले, अडीच झाले, फाईल आली नाही. मी केबिनमध्येच अडकलो होतो आणि रुमालानं मान पुसत होतो. पावणेतीनला इन्स्पेक्टर बाई आल्या. चंदना नाव, तिशीतल्या, म्हैसूरकडच्या. कॉफी आली. रणवीर रिपोर्ट पुढे सरकवतोय तोच जिन्यावर चपला वाजल्या आणि शालन आत आली. हातात एकच कागद, डोंगराचा. वर लाल रेघ नव्हती.

"अण्णा," ती मला म्हणाली, "काढून म्हंजे कसं? घालून का पुसून? दीड तास खाली येरझाऱ्या घातल्या. मला काय कळंना."

"आधी ह्यांना कॉफी घेऊ द्या, मग बोलू," रणवीर मराठीत म्हणाला.

चंदनाबाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी कागदाकडे बघून माझ्याकडे पाहिलं. "एनंते?" काय म्हणतात या?

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की कानडीत मला लपायला जागा नाही. कानडीत रेघ ओढायला एक शब्द आणि काढून टाकायला दुसरा. मी खिशातला रुमाल चाचपला. शालन मात्र सीमेवरची, तिला दोन्ही भाषा सारख्याच. ती माझ्याकडे वळली आणि बाईंना कळावं म्हणून स्वच्छ कानडीत विचारलं, "अण्णा, गेरे एळीला, तेगीला?" रेघ ओढू, की काढून टाकू?

खोलीतल्या चौघांनाही आता सारखंच कळलं होतं. रणवीर कॉफीच्या कपाकडे बघत होता. मला माझी दोन वर्षं आठवली, चुलतभाऊ आठवला, आणि त्याही परिस्थितीत मराठीत उत्तर द्यावं असा विचार मनात येऊन गेला. इतका मी भित्रा. शालन एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी होती.

"एळीरी," मी म्हणालो. ओढा.

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. चंदनाबाई उठल्या. "चला, खालीच बघू."

खाली शालननं स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आणि फाईल उघडून दाखवली. लाल रेघ डोंगराच्या मधून आरपार गेली होती, डोंगराचा माथा बराच वर. चंदनाबाईंनी ब्लोअर चालू करायला लावला, अकराशे पन्नास फेऱ्यांवर चालता ठेवला आणि शालननं सांगितल्यावर पत्र्यावर तळहात ठेवला. त्यांनी लगेच हात मागे घेतला. लॉट थांबला. पुढच्या आठवड्यात बुडाच्या चौकटीला दोन आडव्या पट्ट्या जोडल्या आणि डोंगर रेघेच्या खाली बसला.

शालनची जागा राहिली. बाईंनी लिहून ठेवलं की यापुढं प्रत्येक लॉटबरोबर असा आलेख हवा, लाल रेघेसकट, आणि तो करता येणारं माणूस कारखान्यात एकच आहे. रणवीर त्या दिवसापासून मला भगवंतराव म्हणतो. ते मला बोचतं, पण त्याची तक्रार कुणाकडे करणार?

शुक्रवारी सकाळी मी टेस्टिंगला गेलो. शालन सेन्सरची वायर गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "अण्णा, काल फोनवर काढून म्हनलासा, तवा तुमच्या मनात काय हुतं?"

ओढायचंच होतं, असं उत्तर अगदी तयार होतं. रात्रभर मी तेच घोकलं होतं. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"काहीच नव्हतं, शालनक्का," मी म्हणालो. "तुम्हीच ठरवावं आणि माझ्यावर काही येऊ नये, एवढंच होतं. भ्यालो मी."

"ठावं हाय," ती म्हणाली. "कळंना म्हनलो ते खोटंच. फोन ठेवला तवाच कळलं. खालनं इचारलं असतं तर तुमी परत तसंच काईतरी बोलला असतासा. म्हनून तर बाई आल्यावर जिना चढून आलो."

तिनं ब्लोअर चालू केला आणि मला बाजूला सरकायला सांगितलं, कारण मी तिच्या उजेडात उभा होतो.